इडोनीची डहाळी

हे मी बीअरच्या घोटाबरोबर ऐकलेलं नाही. माझ्याच बाकावर घडलंय. खोटं वाटत असेल तर आमच्या म्हाताऱ्या थर्स्टनबाबांना विचारा, त्यातलं निम्मं त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

राजा एडवर्डच्या राज्याचं सतरावं वर्ष. इंग्लंडात ट्रेंट नदीकाठी आम्हा दगड कोरणाऱ्यांची छपरी. फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाच्या आदल्या आठवड्यातली सकाळ, बाहेर गुडघाभर बर्फ. चर्चच्या नव्या दालनातल्या खांबांचे माथे आम्ही आत बसून कोरत असू.

बाकीचे कारागीर जुन्या नमुन्यांवरून पानं कोरतात. सगळी एकसारखी, कुठल्याच झाडाची नसलेली. मला ते जमत नाही. मला खरं पान समोर लागतं, अळीनं खाल्लं असेल तर त्या भोकासकट. ते रोज माझी बायको आणायची, इडोनी. ओल्या फडक्यात गुंडाळलेली ताजी डहाळी ती दोन्ही हातांनी समोर धरायची. मी बघायचो आणि कोरायचो.

"हे पान सुकलं तर जीव जाईल तुझा," ती म्हणायची. "मी सुकले तर पत्ताही लागायचा नाही."

"हात हलवू नकोस," मी म्हणायचो.

अशी अकरा वर्षं गेली.

मग पानगळीत ती तापानं गेली.

तर त्या सकाळी छपरीत मीच पहिला पोचलो. बाकावर ओलं फडकं होतं... आत मेपलची डहाळी. हिरवीगार!

दाराबाहेर पाहिलं. बर्फात फक्त माझ्या पावलांचे ठसे होते...

"लेका हॅमो, या दिवसांत हिरवं पान?" मागून आलेले थर्स्टनबाबा चार पावलं मागे सरले. "चेटूक आहे हे. टाक शेगडीत!"

"तुमच्या नमुन्यातल्या पानांपेक्षा बरं आहे," म्हणत मी छिन्नी उचलली. खरं सांगतो, मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ओक. तिसऱ्या दिवशी द्राक्षवेल...

मग मला हाव सुटली. शेवटचा एक माथा उरला होता. त्यावर पानांमध्ये इडोनीचा चेहरा कोरायचा. मी दगडाला छिन्नी टेकवली आणि...

चेहरा आठवेना.

हात आठवत होते. अंगठ्यावरची भाजल्याची खूण, नखांतली माती. त्यापलीकडे काही नाही. तिला एकदा नीट बघायचंच, असं ठरवलं.

चौथ्या सकाळी दाराला आतून कडी घालून बसलो.

कडी हलली नाही. पावलं वाजली नाहीत...

फडक्यातून पाणी मात्र ठिबकायला लागलं. टप्... टप्...

समोर दोन हात आले. काटेरी हॉथॉर्नची डहाळी धरलेले. अंगठ्यावर तीच खूण, बोटं थंडीनं लाल झालेली.

मी हळूहळू नजर वर नेली. मनगट. बाही. खांदा. गळ्याशी रुमालाची गाठ...

त्याच्या वर काहीच नव्हतं. पलीकडची भिंत दिसत होती.

भीती वाटली नाही हो. "इडोनी, तोंड दाखव गं एकदा," मी रडत म्हणालो.

हात तसेच राहिले. जराही न हलता. मला नीट कोरता यावं म्हणून.

थर्स्टनबाबा आले, मी कडी काढली तेव्हा बाकावर नुसती डहाळी होती. मी विचारलं, "बाबा, माझी बायको दिसायला कशी होती?"

ते हसले. मग माझ्याकडे बघून त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"अरे... डाव्या गालावर तीळ. पुढचा एक दात वाकडा, म्हणून हसताना तोंडावर हात न्यायची बिचारी. तुला ठाऊक नाही?"

नव्हतं.

त्यांनी सांगितला तसा चेहरा मी कोरला. गावातल्या बाया त्या खांबापाशी उभ्या राहून डोळे पुसतात. हुबेहूब इडोनी, म्हणतात. मला मात्र ती बाई अनोळखी वाटते.

डहाळ्या अजून येतात. आज सकाळीही पाणी ठिबकलं... हात समोर आले. मी पानांकडेच बघत बसलो.

आता तीळ कुठे होता ते मला माहीत आहे. पण वर बघितलं आणि पुन्हा भिंतच दिसली, तर?