वहीतला बाविसावा आवाज

बाबांच्या कानाचं यंत्र आणायला बाप-लेक दोघं गेली तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. त्या दिवसात भिण्यासारखं काहीएक नव्हतं. बाबांनी तीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं होतं. कान तिथेच ठेवून निवृत्त झालो, असं ते हसत सांगायचे. दवाखान्यातल्या बाईंनी दोन्ही कानांमागे एकेक चिमुकलं यंत्र बसवलं, ते त्यांच्या मोबाइलला जोडलं आणि एक कोरी वही लेकीच्या हातात दिली. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज आता एकदम अंगावर येतील, बाई म्हणाल्या. अनोळखी आवाज आला की लिहायचा, तो कशाचा ते शोधायचं, बाबांना नेऊन ती वस्तू दाखवायची. नाव कळलं की मेंदू तो आवाज सोडून द्यायला शिकतो. पंधरा दिवसांत सवय झाली नाही, तर यंत्र परत.

तिच्याकडेही तेवढेच दिवस होते. सोळाव्या दिवशी तिला दुसऱ्या शहरात नोकरीवर हजर व्हायचं होतं. पहिलीच नोकरी, तीही दोन वर्षं अर्ज करकरून मिळालेली. दारावरची बेल आणि फोन ऐकू आले, तरच बाबा एकटे राहू शकणार होते. नाहीतर आत्या टपून बसलीच होती. लेक असताना बापाला वाऱ्यावर सोडणार का, असं तिने दोनदा ऐकवलंही होतं.

पहिले दिवस मजेत गेले. नळाची धार, खुर्चीची कुरकुर, वर्तमानपत्राचं पान. जेवताना बाबा एकदम थांबले आणि म्हणाले, "मी एवढा आवाज करून खातो? आणि इतकी वर्षं तुम्ही कुणी बोलला नाहीत!" ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. आठ दिवसांत वहीत एकवीस आवाज झाले. एकवीस नावं, एकवीस वस्तू.

बाविसावा आवाज नवव्या दिवशी दुपारी आला.

"भिंतीवरून कुणी ओला हात फिरवतंय," बाबा म्हणाले. "हळू... सावकाश."

तिने कान देऊन ऐकलं. तिला काहीच ऐकू आलं नाही. तुमच्याच सदऱ्याची बाही घासत असेल, ती म्हणाली. बाबांनी सदरा काढला. गंजिफ्रॉकवर, हात मांडीवर ठेवून, ते मूर्तीसारखे बसून राहिले.

"आता पलंगापाशी आहे," ते म्हणाले.

मांजर आडवं पळालं तरी दचकणारी ती. तरीही तिने पलंगाखाली वाकून पाहिलं, गाद्या उचलल्या, शेजारच्या काकूंकडे काही काम चाललंय का तेही विचारायला गेली. काकूंच्या घराला कुलूप होतं. बाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, यंत्रात दोष वाटत असेल तर जमा करा, तपासायला महिनाभर जाईल.

महिनाभर.

"आईची चाल तर नाही ना, बाबा?" तिने घाबरत घाबरत विचारलं. आई जाऊन सात वर्षं झाली होती.

"छे गं. तिची चाल मला बहिरा असतानाही ओळखू यायची."

बाबांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं, आणि ती बाजारात गेलेली असताना काकूंनी दहा मिनिटं बेल वाजवूनही त्यांना पत्ता लागला नाही. त्या संध्याकाळी तिने वही उघडली, बाविसाव्या आकड्यापुढे 'फ्रिज' असं लिहिलं आणि बाबांचा हात धरून त्यांना फ्रिजपुढे नेऊन उभं केलं. हे बघा, मागून हवा सुटते ना, ती भिंतीला लागून घुमते आणि अख्ख्या घरभर फिरते. आपण इतक्या सहज खोटं बोलू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

बाबांनी फ्रिजच्या दारावर हात ठेवला. "हात्तिच्या," ते म्हणाले. त्यानंतर तिसऱ्या दिवसापासून ते शांत झोपू लागले.

चौदाव्या दिवशी भर दुपारी वीज गेली. ती बॅग भरत होती. पंखा थांबला आणि घर असं गप्प झालं की तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. ओल्या मातीसारखा बारीकसा वास आला. बाबा खिडकीशी वाचत बसले होते.

"बाबा," तिने विचारलं, "आत्ता काही ऐकू येतंय?"

"नाही गं. फ्रिज तेवढा."

हातातल्या कुर्त्याची तिने घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"कुठून... कुठून येतोय?"

बाबांनी पानावरून नजर न उचलता, ती उभी होती तिथेच, तिच्या खांद्याच्या जरा मागे बोट दाखवलं.

तिने मागे वळून पाहिलं नाही. बॅगेत तिकीट होतं. ती म्हणाली, "हो. फ्रिजच तो."

ठरल्या दिवशी ती गेली.

जाण्याआधी दवाखान्यातल्या बाईंनी तिच्याही मोबाइलवर एक सोय करून दिली होती. बाबा यंत्र किती तास घालतात आणि त्यांच्या कानावर काय पडतं, ते तिला दुरून, त्या-त्या क्षणी दिसत असे. शांतता किती, टीव्ही किती, समोर बसून कुणी बोललं ते किती, यंत्र बरोबर निवडून दाखवतं म्हणे.

नव्या शहरातल्या चौथ्या संध्याकाळी तिने घरी फोन केला. बाबा खुशीत होते. जेवण झालं होतं, बेल ऐकू येत होती, काकू गावाला गेल्या होत्या.

"मग आज कुणी आलं होतं?"

"कोण येणार? टीव्हीसुद्धा लावला नाही. तू नको काळजी करूस, बाळ. सवय झाली आता."

त्यांनी फोन ठेवला. तिच्या जिवात जीव आला. चहा करून घेतला, खोलीचं दार लावलं आणि मग सहज आजचा दिवस उघडून पाहिला.

शांतता, दोन तास. टीव्ही, काही नाही. समोरासमोर बोलणं, नऊ तास चार मिनिटं.

ती बघत राहिली. बघता बघता चार मिनिटांची पाच झाली.