माळशिरसहून आणलेल्या पेट्या

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी इथंच थांबावं. मला कुणाची समजूत घालायची नाही. जिच्या घरात हे झालं ती माझी सख्खी मावशी, आणि शेवटी जे झालं तेव्हा मी तिथं होतो.

अमावस्या, पिंपळ, रात्रीचा रस्ता असलं यात काही नाही. असल्या गोष्टी ज्यांना सुचतात त्यांना सुचोत. हे झालं ते सोलापुरात, सात रस्ता चौकामागच्या एका दगडी घरात, भर दुपारी. साल १९७१. मार्च महिना.

मावशीचे यजमान बसवराज कोनापुरे. घरात, कोर्टात, सगळीकडे त्यांना नुसतं 'वकील' म्हणत.

माणूस हुशार होता. फक्त जगात दुसऱ्या कुणाला कान आहेत, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

रेडिओ ऐकणाऱ्यांना ते डबडेवाले म्हणायचे. लग्नात कर्णे लावणाऱ्यांना तर माणसांतच धरत नसत. मावशी, म्हणजे गंगम्मा, अक्कलकोटकडची. कामं करता करता कानडीत काहीतरी गुणगुणायची. वकील बाहेरून ओरडायचे, "गंगम्मा, त्यापेक्षा भांडी घास. तो आवाज बरा."

ती गप्प व्हायची.

वकिलांचे दोन दोस्त. शिवलिंगप्पा चादरींचे व्यापारी आणि मकदूम ट्रकवाले. दोघांच्याही घरी जमिनीवर उभे राहणारे, लाकडी पेट्यांतले मोठे स्पीकर होते. त्या काळात सोलापुरात असले शौकीन बोटावर मोजण्याइतके. दर रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी बैठक बसायची. आधी गाणं ऐकायचं, मग एकमेकांच्या पेट्यांची अब्रू काढायची.

शिवलिंगप्पांनी सागवानी पेट्या करवून घेतल्या होत्या. वकील म्हणाले, "लाकूड झकास आहे. कपडे ठेव त्यात. आवाज तर पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येतोय."

मकदूमना पिक्चरचं वेड. भिंतीवर पांढरी चादर टांगायची, भाड्याचं मशीन आणायचं, दोन्ही बाजूंना पेट्या उभ्या करायच्या. "वकीलसाब, घोडे दौडले की छातीत कसं धडधडतं बघा की!"

"घोड्यांसाठीच बऱ्या आहेत त्या. माणसानं पुढं बसू नये."

दोघं हसून सोडून द्यायचे. वकिलांच्या स्वतःच्या पेट्या मात्र साध्याच होत्या आणि तेच त्यांना सलत होतं.

मग कुणीतरी सांगितलं, माळशिरसकडच्या एका साखर कारखान्याचे इंजिनियर वारले. त्यांनी विलायतेहून आणलेल्या उभ्या पेट्यांची जोडी त्यांच्या बाईंना विकून टाकायची आहे.

वकील मकदूमचा ट्रक घेऊन निघाले.

बंगल्यात शिरताना त्यांना एक गोष्ट खटकली. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली होती. खुर्च्यांच्या पायांना चिंध्या. बाईंनी चहा आणला, तर बशीखालीसुद्धा कापडाची घडी.

आणि बाई कुजबुजत बोलत होत्या…

"घेऊन जा. लवकर न्या."

वच्छलाबाई त्यांचं नाव. खिडकीपाशी त्यांची विशीतली मुलगी बसली होती. ती बोललीच नाही.

पेट्या छातीइतक्या उंच. काळपट लाकूड, पुढं जाडं तपकिरी कापड. वकिलांनी कापडावर टिचकी मारली आणि खूश झाले.

ट्रक सुटला तेव्हा ती मुलगी अनवाणी मागून धावत आली. दोन्ही हात पुढं केलेले. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या. कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडतं ना, तशी.

पण आवाज… काहीच नाही.

"वेडी दिसते," वकील म्हणाले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल."

पुढच्या रविवारी बैठक वकिलांकडे. मधल्या खोलीत पडदे ओढलेले. बाहेर ऊन रणरणत होतं. मावशीचा मुलगा चार महिन्यांचा, आतल्या खोलीत पाळण्यात झोपला होता.

वकिलांनी मारव्याची रेकॉर्ड लावली. खरंच सांगायचं तर तसा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. गवई जणू समोर येऊन बसला. त्यानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. मकदूम पुटपुटले, "या अल्ला."

गवयानं सूर सोडला. क्षणभर शांतता…

"हं…"

कुणीतरी नाकातून हसलं. तुच्छतेनं. एखाद्या अडाण्याला बघून हसावं तसं.

वकिलांनी झटकन शिवलिंगप्पांकडे पाहिलं. "काय झालं रे?"

"मी काय केलं?"

"आत्ता नाक कुणी मुरडलं? तुझ्या पिंपापेक्षा बरं आहे म्हणून जळतोस होय?"

"वकील, मी तोंडातून अवाक्षर काढलं न्हाय."

"ज्याला चादरीच्या काठापलीकडं अक्कल नाही, त्याला मी गाणं ऐकवत बसलोय!"

शिवलिंगप्पा उठले. चपला घातल्या. दारातून वळून एवढंच म्हणाले, "आवाज मीबी ऐकला. तो पेटीतनं आला की."

पुन्हा ते त्या घरी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोर्टातून आल्यावर वकील एकटेच ऐकत बसले. रंगात येऊन त्यांनी हलकेच सूर लावला.

"हं…"

वकिलांनी मागं वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी उठून रेकॉर्ड काढली. दोन्ही पेट्यांच्या वायरी उपसल्या. मग मोठ्यानं घसा खाकरला.

"श्श…"

डावीकडच्या पेटीतून आला तो आवाज. वायर तर त्यांच्या हातात होती.

दुसऱ्या कुणी पेट्या त्याच दिवशी बाहेर काढल्या असत्या. पण वकिलांना माणसांनी सांगितलेलं पटत नसे, तिथं हे काय पटणार? लाकूड उन्हानं फुगतं, हवा शिरते, असं काहीबाही त्यांनी स्वतःलाच सांगितलं. मावशीनं विषय काढला तेव्हा म्हणाले, "तुझ्या माहेरी दिसत असतील भुतं. इथं कायद्याचं पुस्तक आहे."

मात्र त्या दिवसापासून ते त्या खोलीत दबकत चालायला लागले. मावशीनं पाहिलं होतं.

घरातलं एकेक हळूहळू बदलत गेलं. चौकटीवरच्या चिमण्या येईनाशा झाल्या. भिंतीवरचं घड्याळ चालायचं, काटे फिरायचे… टिकटिक ऐकू यायची नाही. मावशी बांगड्या कोपरापर्यंत चढवून वावरायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. तिला नुसतं वाटायचं, की खोलीत कुणीतरी बसलंय आणि आवाज झाला की त्याला त्रास होतोय.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ. वकिलांची रेकॉर्ड चालू होती आणि बाळ रडायला लागलं. पोट दुखत असावं. मावशी त्याला खांद्यावर घेऊन फिरत होती, पण ते काही राहीना.

"गंगम्मा! गप्प कर त्याला!"

"अहो, दुखतंय त्याला."

"मग बाहेर ने! घर आहे की बाजार?"

मावशी मधल्या खोलीतून बाहेर निघाली. पेट्यांच्या समोरून जाताना बाळानं जोरात टाहो फोडला.

"श्श…"

या वेळी दोन्ही पेट्यांतून. लांबलचक.

बाळ गप्प झालं.

झोपलं असेल म्हणून मावशीनं वाकून पाहिलं. बाळ जागं होतं. चेहरा लालबुंद. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंड उघडलेलं, जीभ थरथरत होती.

ते रडत होतं… आवाज नव्हता.

बाळाला न्हाऊ घालायला रंभाबाई यायची. दुसऱ्या दिवशी तिनं गरम पाणी ओतलं आणि हात थांबवला. "बाय, पोरगं रडाया लागलंय, पर आवाज कुटं हाय त्याचा? असलं म्या कंदी बघितलं न्हाय."

डॉक्टरांनी घसा पाहिला. सगळं ठीक. त्यांनी सुई टोचली. बाळ कळवळलं, हातपाय झाडले. पण तोंडातून एवढासाही आवाज नाही. डॉक्टरांनी वकिलांकडे पाहिलं आणि नजर वळवली.

वकील तडक माळशिरसला गेले.

बंगल्यात नवे इंजिनियर राहायला आले होते. वच्छलाबाई मुलीला घेऊन कुठं गेल्या, कुणाला ठाऊक नव्हतं. फाटकावर गुंडा नावाचा म्हातारा राखणदार होता.

"साहेब गानं ऐकाया बसलं की बंगल्यात माशी हलायची न्हाय," तो म्हणाला. "कुनी खोकलं तरी नाक मुरडायचं. समद्यास्नी कस्पटावानी बघायचं. एकदा त्यांची पोर पाय मोडून रडाया लागली. साहेबानं तिला पेट्यांम्होरं उभी केली. म्हनलं, श्श. बास. तवापासनं पोरीचा आवाज गेला त्यो गेलाच."

"आणि साहेब? कसे गेले?"

"खुर्चीतच. गानं ऐकत हुतं. बाईंनी पेट्या जाळाया काढल्या हुत्या, वकीलसाब. पोर मधी आडवी पडली. जाळू दिल्या न्हाईत."

वकिलांनी शेवटचं वाक्य नीट ऐकलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच शब्द बसला. जाळायच्या.

परत आले ते मकदूमना घेऊनच. दोघांनी पेट्या परसात ओढल्या. ऊन उतरायला लागलं होतं. मावशी बाळाला घेऊन मागच्या पायरीवर उभी राहिली.

वकिलांनी उजव्या पेटीवर रॉकेल ओतलं आणि काडी लावली.

लाकूड जुनं, लगेच पेटलं. तपकिरी कापड आधी जळालं. मग आतून एक आवाज यायला लागला. बारीक, उंच, वर वर चढत जाणारा.

"ओलं लाकूड असंल," मकदूम म्हणाले. पण ते दोन पावलं मागं सरकले.

आवाज खूप वेळ येत होता… मग एकदम तुटला.

पेटीची राख झाली. वकिलांनी डाव्या पेटीवर रॉकेल ओतलं. काडी ओढली.

आणि बाळ रडलं.

तोच टाहो. पोटात दुखत असल्यासारखा, खणखणीत. मकदूम हात वर करून ओरडले, "शुक्र है! आला, आवाज आला!"

वकील हसत मागं वळले.

मावशी हसत नव्हती. ती बाळाच्या तोंडाकडे बघत होती. बाळ तिच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. ओठ मिटलेले.

रडणं चालूच होतं… पेटीतून.

वकिलांच्या बोटांना चटका बसला तेव्हा काडी खाली पडली. त्यांनी ती पायानं विझवली. मग आधी पेटीकडे पाहिलं आणि नंतर शेजारच्या राखेकडे.

ती अनवाणी धावत आलेली मुलगी त्यांना आठवली असणार. पुढं केलेले दोन हात आठवले असणार, आणि जळताना आलेला तो उंच आवाज कुणाचा होता तेही कळलं असणार. कारण ते तिथंच राखेपाशी खाली बसले आणि दोन्ही हातांनी राख उकरायला लागले.

वच्छलाबाई आणि त्यांची मुलगी पुढं कुठं होत्या, कशा होत्या… वकिलांनी कधीच शोध घेतला नाही. माळशिरसची केस आली तरी घेत नसत.

डावी पेटी त्यांनी पुसली, रॉकेलचा वास जाईपर्यंत पुसली आणि पुन्हा घरात नेली. आतल्या खोलीत ठेवली. गाणं बंद झालं, बैठका बंद झाल्या. लोक म्हणायचे, वकिलांचा शौक एवढ्यातच आटोपला. वकील उलटून बोलायचे नाहीत. दुसऱ्यांच्या पेट्यांना नावं ठेवणारा तो माणूसच उरला नव्हता.

माझा मावसभाऊ मोठा झाला. बोलणं फुटायच्या आधी गेलं होतं ते नुसतं रडणं, म्हणून असेल, तो वेळेवर बोलायला लागला, शाळेत जायला लागला. हुशार पोरगं. फक्त रडायचा नाही. पडला, हात मोडला, तरी नाही. पुढं पुढं तर डोळ्यांतून पाणीसुद्धा येत नव्हतं.

१९७९ च्या उन्हाळ्यात मावशी गेली. आम्ही सगळे सोलापूरला गेलो. लिंगायत रिवाजाप्रमाणं मावशीचा देह अंगणात बसवला होता, कपाळावर विभूती. बायका रडत होत्या. मावसभाऊ माझ्या शेजारी उभा होता. मी त्याचा हात धरला होता. त्याचे डोळे कोरडे होते.

आणि आतल्या खोलीतून तान्ह्या बाळाचं रडणं यायला लागलं…

आमच्या सगळ्या घरात तेव्हा तान्हं बाळ एकही नव्हतं.

बायका गप्प झाल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. वकील उठले, कुणाशी न बोलता आत गेले. मावसभावाचा हात न सोडता मी दारापर्यंत गेलो आणि आत पाहिलं.

खोलीत अंधार होता. वकील जमिनीवर बसले होते. पेटीला कवेत घेऊन तिच्या पाठीवर हळूहळू थोपटत होते. बेसूर आवाजात काहीतरी कानडी गुणगुणत होते.

रडणं हळूहळू कमी होत गेलं.

मी खाली पाहिलं. मावसभावाचा हात माझ्याच हातात होता. थंडगार.

तो कोण, आणि वकील आत ज्याला निजवत होते तो कोण… मला आजही सांगता येत नाही.