चौकटीतली वडीलधारी माणसं

जॉर्डनमधल्या सल्त गावच्या बाजारात वावटळ उठली, म्हणून जुमानाने तसबिरी मढवण्याच्या दुकानाचे दार लोटले. पण ते लागण्यापूर्वीच धुळीने माखलेला एक तरुण फटीतून आत घुसला. काखेत बारा छायाचित्रे होती. मोरोक्कोतले फास शहर सोडून अकरा वर्षे अरबी मुलखांत हिंडताना टिपलेल्या हजारोंतून निवडलेली, जिवापाड जपलेली.

“आलोच आहे, तर ही मढवून द्या,” मुंतसिर म्हणाला. “या होडीवाल्याला सोनेरी चौकट...”

“म्हाताऱ्याला नवरदेव करताय का?” जुमानाने नाक मुरडले. “अक्रोडाचं साधं लाकूड पुरे. आणि हात काढा तिथून — काच पुसतेय मी.”

त्याने हात काढला. नजर मात्र तिथेच राहिली.

आठ दिवसांच्या कामाला महिना लागला. रोज एकेका चित्रावरून वाद होई, रोज तो हरे, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट उत्साहाने हजर होई. बाराव्या चौकटीचा कोपरा जुमानाने दोनदा उकलला, दोनदा जोडला. ती पुरी झाली की हा माणूस शनिवारी फासला परतणार... हे दुःख तिने स्वतःलाही बोलून दाखवले नव्हते.

शुक्रवारी दुकान बंद. म्हणून तो चित्रे न्यायला घरी आला. बैठकीतल्या लोडांना टेकवून त्याने बाराही चित्रे ओळीने मांडली. जुमानाचे वडील अबू राकान यांनी कॉफीचा पेला पुढे केला. त्याने तो घेतला — आणि न पिता खाली ठेवला.

जुमानाने चमकून पेल्याकडे पाहिले. मुलगी मागायला आलेला पाहुणाच सल्तमध्ये असा पेला ठेवतो, आणि होकार मिळेतो घोट घेत नाही.

“बाबा, मनावर घेऊ नका,” ती घाईने म्हणाली. “ही पुदिन्याच्या चहाची माणसं. यांना आपली रीत कुठली ठाऊक?”

“अकरा वर्षं मी नुसते फोटो काढले का?” मुंतसिर म्हणाला. “रीत ठाऊक आहे... म्हणूनच ठेवलाय.”

अबू राकानांनी मिशी कुरवाळली. “मुलगी मागायला वडीलधारी येतात, पोरा. तुझ्यामागे कोण आहे?”

“आईबाप नाहीत, काका. हे आहेत.” त्याने चित्रांकडे हात केला. “हा ओमानचा होडीवाला — तापात यानं मला नऊ दिवस सांभाळलं. ही येमेनमधल्या सना शहरातली उम्म हाशिम — हिच्या भाकरीवर मी अख्खा हिवाळा काढला. बाराही घरांचं मीठ खाल्लंय मी. यांनाच विचारा, मी कसा आहे ते.”

अबू राकान उठले. एकेका चित्रापुढे थांबत, आलेल्या पाहुण्यांची विचारपूस करावी तसे ते पुढे सरकत गेले. होडीवाल्यासमोर येऊन बसले. “मुलगा बरा दिसतो, शेख. पण माझी पोर फासला नाही हं धाडायची!”

“फासला मी तरी कशाला जातोय?” मुंतसिर हळूच म्हणाला. “इथे ‘थांब’ म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून...”

म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिले. “कॉफी निवतेय, जुमाना. काय सांगू याला?”

महिनाभर जिच्या जिभेला कधी शब्दांची वाण पडली नव्हती, ती जुमाना ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. गाल तापले, ओठांवरचे हसू काही केल्या आवरेना.

“बाबा... त्यांना म्हणावं — प्या.”