परत केलेलं पुस्तक

पुस्तकांच्या दुकानात एक उंचापुरा माणूस चोरासारखा इकडेतिकडे बघत एकच पुस्तक पुढे मांडत होता... आणि बाकीची पुस्तकं हळूच मागे सारत होता. ओडेटला हसू आवरेना.

"लेखक आपणच ना?"

तो कानापर्यंत लाल झाला. बाहेर विनिपेगचा बर्फ भुरभुरत होता. त्याच्या भुवयांवरचा अजून वितळला नव्हता.

"मी तारास. रहस्यकथा आहे... कर्लिंग खेळतात ना, त्या बर्फाच्या मैदानात झालेला खून. तुम्ही वाचता असलं?"

"सगळंच वाचते. खून, प्रेम, भुतं, परग्रह. शनिवारच्या पुरवणीत नव्या कादंबऱ्यांवर मीच लिहिते."

"म्हणजे त्या... ओडेट शार्तिये? परवा त्या प्रेमकथेची सालटी काढलीत, त्या?"

"नायिका पहिल्या पानापासून रडत होती. मी काय तिचे डोळे पुसत बसू?"

तो खळखळून हसला, आणि त्या हसण्यावर ओडेट कॉफीला तयार झाली. मग कॉफ्या वाढत गेल्या, 'तुम्ही'चं 'तू' झालं, त्याच्या आईच्या हातच्या पेरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्याही खाऊन झाल्या. तो तिच्या शेऱ्यांवरून भांडायचा, ती त्याला चिडवायची, आणि निरोप घेताना दोघंही हातमोजे घालायला उगाच वेळ लावायची.

त्याचं पुस्तक परीक्षणासाठी तिच्या टेबलावर येऊन पडलंच होतं. शनिवारी चार बरे शब्द छापून आले, तर प्रकाशक दुसरं पुस्तक काढणार, हे तारासने तिच्यापासून लपवलं नव्हतं. आणि पुस्तक खरंच चांगलं होतं, हीच तर पंचाईत होती.

शुक्रवारी त्याने भीत भीत विचारलं, "उद्या येतंय?"

"नाही. मी ते संपादकबाईंना परत दिलं."

त्याचा चेहरा उतरला. "इतकं टुकार आहे?"

"झकास आहे. खुनी मला शेवटपर्यंत ओळखता आला नाही, आणि हे मी सहसा कबूल करत नाही."

"मग?"

"आपल्या माणसाच्या पुस्तकावर लिहायचं नाही, असा आमच्या पानाचा नियम आहे." तिने त्याच्या नजरेला नजर दिली. "मी बाईंना खरं कारण सांगितलं... की माझा लेखकावर जीव जडलाय."

"म्हणजे माझ्याआधी त्यांना कळलं?"

"कामात मी चोख आहे. पुस्तक आता आमच्या दुसऱ्या समीक्षकाकडे, बर्नार्डकडे गेलंय. तो माझ्याहून खवट आहे हं."

"झोडपू दे," तारास म्हणाला आणि त्याने तिचा हात हातात घेतला. "घरी जाऊन आईला सांगतो, समीक्षकबाई पडल्या माझ्या प्रेमात."

"सांग," ओडेट म्हणाली. "पण 'समीक्षकबाई' नको, नाव नीट सांग."