वाढवलेली बांगडी

बार्शीच्या कासार गल्लीत पहिला यंत्रमानव आला, तेव्हा मी पाचवीत होते. आता तुमच्या घरचे यंत्रमानव भाजी चिरता चिरता तुमच्याशी भांडतातसुद्धा. तेव्हा मात्र सगळी गल्ली आमच्या आत्याच्या बांगड्यांच्या दुकानाबाहेर चपला काढून बघायला उभी होती. बाबांनी तो आत्याच्या मदतीला मागवला होता आणि कंपनीने त्याचं नाव ‘हस्तक’ ठेवलं होतं.

“हस्तक चोरांचे असतात,” आत्या म्हणाली. तिथूनच दोघांचं फाटलं.

आणि मग त्याने एक कोडं घातलं. सांगाल त्याच्या उलट तो का करायचा?

संध्याकाळी आत्या म्हणाली, “चल, दुकान वाढव.” हस्तकने होते नव्हते तेवढे दिवे लावले आणि बांगड्यांचे ट्रे बाहेर पायरीवर मांडून ठेवले.

“काय आक्का, आज रात्रपाळी?” समोरच्या शिंपीकाकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सांगितलं, “डब्यांतल्या वाढवलेल्या बांगड्या काढून टाक.” त्याने डझनापेक्षा जास्त असलेल्या चांगल्या बांगड्या काढल्या आणि तडे गेलेल्या तशाच ठेवल्या. त्यातली एक एका मुलीच्या मनगटाला लागली आणि रक्त आलं. आत्याने तिच्या हाताला हळद लावली.

“हे माझं ऐकतं आणि मुद्दाम उलटं करतं,” ती बाबांना म्हणाली. “उद्या कुणाचा हात मोडेल. परत पाठव.”

“अगं आक्का, तुझी बोटं बघ,” बाबा म्हणाले. संधिवाताने तिची बोटं आल्याच्या गाठींसारखी झाली होती. गिऱ्हाइकाचा हात दाबून बांगडी चढवणं तिला जमत नव्हतं. “हा गेला तर दुकान कायमचं वाढवावं लागेल.”

“मग वाढवू,” आत्या म्हणाली. बाबांनी कंपनीला फोन केला. हस्तकला न्यायला गाडी दुपारी येणार होती.

मी त्या दुकानात रांगायला शिकले होते. माझी बाराखडीही बांगड्यांच्या खोक्यांवर झाली. ते जाणार म्हणून मला रडू येत होतं, आणि त्यातच बाबांचा तो एक शब्द कानात अडकला.

मी हस्तकजवळ गेले. “वाढव म्हणजे काय रे?”

“जास्त करणे. किंवा पानात जेवण घालणे,” तो म्हणाला.

“आणि दुकान वाढव म्हणजे?”

“दुकान मोठं करणे.”

झालं. आमच्या गल्लीत दुकान ‘बंद’ करत नाहीत आणि बांगडी ‘फुटत’ नाही. ते बोलणं अशुभ. म्हणून दोन्हींना ‘वाढवणं’ म्हणायचं. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून आलं होतं.

“तू शब्द शिकतोस कसा?” मी विचारलं.

“प्रशिक्षण-संचातून (यंत्राला शिकण्यासाठी दिलेली ढीगभर उदाहरणं). कुठला शब्द कशाच्या सोबतीने येतो, हे पाहून मी अर्थाचा अंदाज बांधतो. तुमच्या गल्लीतली उदाहरणं त्यात नसावीत.”

मी आत्याला ओढत आणलं. “आत्या, तो मुद्दाम नाही करत. त्याला आपली भाषा येत नाही.”

“मला ‘मुद्दाम’ करता येत नाही,” हस्तक म्हणाला. “चुका करता येतात.”

आत्याने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “मग सांग त्याला,” मी म्हणाले, “की वाढवली म्हणजे फु…”

“जीभ आवर. दुकानात तो शब्द नको.”

मग शिकवायचं कसं? आत्याने तडा गेलेली बांगडी उचलली, दुसऱ्या बांगडीवर हलकेच आपटली. बद्द आवाज आला. “ही वाढवली.” मग एक धड बांगडी घेतली. किणकिण. “ही नाही.” पुन्हा एक वाढवलेली. पुन्हा एक धड. हस्तकचे संवेदक (आवाज, स्पर्श टिपणारे यंत्राचे कान आणि कातडी) ऐकत राहिले. थोड्या वेळाने तो स्वतःच निवडू लागला. एकदा चुकला, आत्याने त्याच्या धातूच्या बोटांवर चापट मारली आणि स्वतःच हात झटकत हसली.

“कळलं नाही तर विचारायचं. अंदाजाने करायचं नाही,” तिने बजावलं. “आणि तुझं काम मी तपासणार. रोज.”

यंत्राची भीती अशीच जाते, असं मला आजही वाटतं. ते काय जाणतं, काय जाणत नाही, हे कळलं की भुताचं यंत्र होतं. मग त्याला शिकवता येतं, आणि त्याच्यावर नजरही ठेवता येते.

बाहेर गाडी थांबली. कंपनीचा माणूस पायरीशी आला. “यंत्र न्यायचंय ना?”

ज्या हाताने गल्लीतल्या सगळ्या लेकी-सुनांना बांगड्या भरल्या, तो सुजलेला हात आत्याने पुढे केला आणि हिरव्या बांगडीकडे हनुवटीने खूण केली. हस्तकने तिची बोटं एकत्र घेतली. बांगडी सांध्यापाशी आली आणि तो थांबला.

“इथे दुखतं का? थांबू?”

“थांब,” आत्या म्हणाली. एक श्वास घेतला. “हं. आता हळू.”

बांगडी मनगटावर उतरली. आत्या ती फिरवून बघत राहिली. मग बाहेर वळून म्हणाली, “दादा, उन्हातून आलात, चहा घेऊन जा. ह्याला आता लग्नाचा चुडा शिकवायचाय, तो काही एका दिवसात येत नाही.”