घुमटात हवा भरपूर होती

घुमटात हवा तर भरपूर होती, मग आजोबांना श्वास का घेता येईना?

चंद्रावरच्या आमच्या वसाहतीत एक नियम शेंबड्या पोरालाही पाठ असतो. कुणाचा श्वास अडकला, की आधी गळतीचा खटका ओढायचा, प्रश्न नंतर विचारायचे. म्हणून बाहेरच्या दाराशी आजोबा छाती धरून खाली बसले, तेव्हा मी खटका ओढला. धाडधाड सगळी दारं बंद झाली. हा घुमट ज्यांनी बांधला, ते माझे आजोबा घामाने निथळत म्हणत होते, "शाल्मली, मी चाललो गं."

मी त्यांना प्राणवायूचा मुखवटा लावला, तर ते आणखीच भरभर श्वास घ्यायला लागले.

तेवढ्यात दवाखान्यातला यंत्रमानव धन्वा धावत आला. त्याने हवामापक पाहिला, आजोबांच्या छातीला तारा जोडून हृदयाचा आलेख काढला.

"हवा ठीक. हृदय ठीक. मुखवटा काढ."

"काढू? डोकं फिरलंय का तुझं?"

"हा भीतीचा झटका (धोका नसताना शरीराने अचानक केलेली पळण्याची तयारी) आहे. मेंदूने चुकीचा इशारा दिला आणि अ‍ॅड्रेनलिन (संकटात अंगाला सज्ज करणारं रसायन) रक्तात उतरलं. म्हणून धडधड, घाम, कापरं. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार कमी होतो. मग बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि हवा पुरत नाही असं वाटतं."

"म्हणजे त्यांना काहीच झालं नाही?"

"गळती नव्हती. पण तू खटका ओढल्यावर दारं खरीच बंद झाली ना? तसंच त्यांच्या शरीराचं."

मी मुखवटा काढला.

"आजोबा, श्वास सावकाश सोडा," धन्वा म्हणाला. "हे आपोआप ओसरतं."

हळूहळू कापरं थांबलं.

"या दाराशी आलं की हल्ली असं होतं," आजोबा खाली बघत म्हणाले. "घुमट बांधणाराच घाबरतो, हे सांगू कुणाला?"

मला धक्काच बसला. ते घुमटाबाहेर यायचं टाळायचे, तेव्हा मला वाटायचं, माझ्याबरोबर फिरायचा त्यांना कंटाळा येतो.

डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं आणि रोज थोडा वेळ दाराशी थांबायचा सराव दिला. परवा अवकाशपोशाख घालून तिथेच उभे असताना आजोबांनी माझा हात घट्ट धरला.

"आली बघ भीती," ते मोठ्याने म्हणाले.

खटका हाताशीच होता. मी तो ओढला नाही. त्यांच्याबरोबर सावकाश श्वास सोडत राहिले. मग दार उघडायची कळ आजोबांनीच दाबली.