नाडीची शिकवणी

मिरजेच्या गृहोपचार केंद्रात भेटनियंता बसवला, तेव्हा सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास टाकला. गावात अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं भरपूर आणि घरोघरी जाणारे डॉक्टर-नर्स मोजकेच. आधी कुणाकडे जायचं यावरून रोज सकाळी वाद व्हायचा. आता प्रत्येक रुग्णाच्या छातीवर एक पातळ नाडीपट्टी चिकटवलेली असे. ती रक्तदाब, नाडी आणि अंगातला ताप अखंड मोजून केंद्राला कळवी. आकडे चांगले असले की पडद्यावर रुग्णाचं नाव हिरवं दिसे, बिघडले की लाल. ज्याचे आकडे सर्वांत वाईट, त्याच्या घरी भेटनियंता माणूस पाठवी. यंत्रापुढे वशिला चालत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण होता.

म्हणूनच केंद्राचा यंत्रज्ञ निरंजन गाताडे चिडला होता.

"मॅडम, हे दस्तगीरचाचा आपल्याला चक्क फसवतायत," तो डॉक्टर मेघना उपळेकरांना म्हणाला.

दस्तगीर मुजावर तंबोरे बनवणारे कारागीर. पक्षाघाताचा एक झटका येऊन गेलेला, त्यात मधुमेह. मुलगा-सून बंगळूरला, त्यामुळे घरी एकटेच.

"शेवंता सिस्टर येऊन गेल्या की दाब उतरतो," निरंजन आलेख दाखवत म्हणाला. "एखादा दिवस बरा जातो. मग चढायला लागतो, की पुन्हा सिस्टर हजर. आणि गंमत बघा, सिस्टरांची स्कूटर दारात थांबली की गोळी पोटात जायच्या आधीच दाब खाली!"

"ठरवून दाब चढवता येतो? तू चढवून दाखव बरं."

निरंजनने पुन्हा आलेखाकडे बोट केलं.

"चिंचेचं नाव काढलं की तोंडाला पाणी सुटतं," मेघनाताई म्हणाल्या. "ते आपण ठरवून आणतो का? शरीराला तशी सवय लागलेली असते. शास्त्रात याला अभिसंधान म्हणतात. इतके महिने आपण चाचांच्या शरीराला एकच धडा दिला. दाब चढला की माणूस येतं. त्यांच्या रक्तवाहिन्या तो शिकल्या. चाचांना स्वतःला याचा पत्ताही नसेल."

"म्हणजे दाब खोटाच की."

"अगदी खरा. शिकून चढलेल्या दाबानंसुद्धा मेंदूतली शीर फुटते. आता दुसरा झटका आला तर चाचा हाती लागणार नाहीत."

निरंजनने थोडा वेळ डोकं खाजवलं. "शरीर शिकतंय ना? मग आपण उलटं शिकवू. आकडे चांगले असतील तरच घरी भेट. फारच बिघडले तर रुग्णवाहिका पाठवायची आणि थेट रुग्णालयात. तिथं ना शेवंता सिस्टर, ना गप्पा. शरीराला जे हवंय ते नीट राहूनच मिळू दे."

मेघनाताईंना कल्पना आवडली. आवडायला नको होती. पण चांगली कल्पना सुचली की तिच्यातली खोट शोधायला कुणाला सवड असते!

उपाय लागू पडला. चाचांचा दाब बघता बघता ताळ्यावर आला. मग केंद्राने हाच नियम सगळ्या रुग्णांना लावला, आणि एकेक लाल नाव हिरवं होऊ लागलं. निरंजनला पेढे वाटावे लागले.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी मेघनाताई शेवंता सिस्टरांबरोबर मुद्दाम चाचांना बघायला गेल्या. आपला पहिला यशस्वी रुग्ण डोळ्यांनी पाहावा, एवढाच हेतू होता.

"या, या डॉक्टरीणबाई!" चाचा खाटेवर गोधडी पांघरून बसले होते. शेजारी तंबोऱ्याचा अर्धवट तासलेला भोपळा पडलेला. "सिस्टर, आज मोठ्या मॅडमना आणलंत व्हय? बसा, चहा टाकतो."

"तुम्ही उठू नका. मी टाकते," शेवंता सिस्टर म्हणाल्या.

नाडीपट्टीचे आकडे तिशीतल्या माणसाला शोभावेत असे होते. खोलीत अत्तराचा घमघमाट सुटला होता. पण अत्तराखाली दुसराही एक वास होता आणि तो डॉक्टरांच्या ओळखीचा होता. मेघनाताईंनी गोधडी बाजूला केली.

उजवं पाऊल टम्म सुजलं होतं. अंगठा काळा पडला होता, त्यातून पू येत होता आणि लाल रेघ पोटरीवर चढली होती.

"हे कधी झालं?"

"पटाशी पडली वो हातातनं. हळद लावलीया, बसंल."

सिस्टरांनी चाचांच्या कपाळाला हात लावला. "मॅडम, एवढा पू झालाय, आणि ताप कसा नाही?"

मेघनाताईंनी स्वतः नाडी धरली. संथ होती. जंतू शिरले की अंग तापतं, नाडी धावते. ती शरीराची लढाई असते. इथे शत्रू घरात शिरला होता आणि शरीर हाताची घडी घालून बसलं होतं.

"ताप आला असता तर आकडे बिघडले असते," त्या हळूच म्हणाल्या. "आणि आकडे बिघडले असते तर तुम्ही आला नसता. शरीर पुन्हा शिकलंय, सिस्टर. आपणच शिकवलंय."

"चाचा, दुखत नव्हतं का हो?" सिस्टरांचा आवाज चढला. "मला तरी सांगायचं!"

"दुखतंय की. पण तुमी यायच्या दिवशी कशाला रडगाणं? दवाखान्यात न्हेऊन टाकलं की तुमी भेटत न्हाई."

सिस्टरांनी पदराने डोळे पुसले आणि निमूटपणे जखम धुवायला घेतली. त्यांना चाचांचा राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त.

मेघनाताईंनी रुग्णवाहिका मागवली आणि मग निरंजनला फोन लावला. "पडद्यावर हिरवे किती आहेत?"

"सगळेच, मॅडम! आज एकही लाल नाही. विक्रमच म्हणायचा!"

"त्यातले खरोखर बरे किती?"

पलीकडे कळांची टकटक सुरू झाली आणि मध्येच थांबली. निरंजन मूर्ख नव्हता.

"ते... पट्टीवरनं नाही कळणार," तो शेवटी म्हणाला. "पण मग आधी कुणाकडं जायचं?"

"जे दार जवळ असेल तिथं. नंतर त्याच्या शेजारी. केंद्रातल्या सगळ्यांना बाहेर काढ, तूही नीघ."

रुग्णवाहिका आली. पाय कदाचित जाईल, पण चाचा राहतील, असं मेघनाताईंनी सिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. चाचांना उचलून स्ट्रेचरवर ठेवताना त्या वाकल्या आणि त्यांच्या छातीवरची नाडीपट्टी सोलून काढू लागल्या. चाचांनी घाबरून त्यांचं मनगट धरलं.

"काढू नका, बाई! मग तुमाला कळनार कसं, कधी यायचं ते?"

"न कळताच येऊ. बाकीचं आल्यावर कळेल," मेघनाताई म्हणाल्या.